दुसऱ्याचा चावा

लांज्याला सुट्टीवर गेलो की अजूनही कोणी ना कोणी विचारतंच, "काय रे, मस्कतला तू दातांचा डॉक्टर ना?" मी नाही म्हणतो. डॉक्टर तोंडात बघतात. मी माणूस न बघता त्याचे दात करतो. मग समोरचा जरा हिरमुसतो आणि म्हणतो, "म्हंजे कवळीवाला." तर हो, कवळीवाला. मस्कतच्या वादी कबीर भागातल्या एका डेंटल लॅबमध्ये माझी उमेदीची वर्षं गेली आणि केसही गेले. त्या बदल्यात अर्ध्या ओमानातली माणसं मी केलेल्या दातांनी खजूर खातात, असं मी बायकोला सांगतो. ती म्हणते, "आणि उरलेली अर्धी तुमच्या नावाने दातओठ खातात."

धंदा सोपा आहे. डॉक्टर पेशंटचे दात एका मऊ लगद्यात रुतवून माप घेतात आणि ते आमच्याकडे पाठवतात. आम्ही त्यात प्लास्टर ओततो. सुकलं की माणसाचा जबडा जसाच्या तसा टेबलावर. त्याला आम्ही मॉडेल म्हणतो आणि त्याच्यावर कॅप, कवळी, जे काय असेल ते घडवतो. माझ्याकडे अशा मॉडेल्सचं भिंतभर कपाट आहे. ना डोळे, ना नाक, नुसते दात. नवीन होतो तेव्हा ती सगळी माझ्याकडे बघून हसतायत असं वाटायचं. म्हणून मी सगळी मॉडेल्स भिंतीकडे तोंड करून ठेवायला लागलो. ती सवय अजून आहे.

गिऱ्हाइकं थेट आमच्याकडे यायची नाहीत, पण काही यायचीच. इब्रीला दुकान असलेले आमच्या रत्नागिरीकडचे एक चाचा होते. नवी कवळी बसवल्यावर तणतणत आले. "अरे, साडेसात बोललो का शिट्टी वाजते. गिऱ्हाईक हसतंय, भाव कोण ऐकतंय?" मी पुढचे दोन दात जरासे घासून दिले. चाचांनी तिथेच उभ्या उभ्या पाच-सहा वेळा साडेसात म्हणून बघितलं आणि खूश होऊन गेले. अशा गमती पुष्कळ आहेत. पण या अंकाच्या संपादकांनी "न विसरता येणारा अनुभव" मागितला आहे, आणि तो मला एकच आहे. तो चॅम्पचा.

आधी एक सांगून ठेवतो. ओमानात दुपारी दुकानं बंद होतात. वादी कबीरच्या शाळेच्या बसगाड्या निघून गेल्या की रस्त्यावर मांजरसुद्धा दिसत नाही. डोंगर तापून पांढरे पडतात. मी डबा खाऊन लॅबमध्येच थांबायचो. पुढे जे सांगतो आहे ते बहुतेक अशा दुपारी घडलेलं आहे. भुतंखेतं रात्रीची येतात, हे मला निदान तिकडे तरी कधी पटलं नाही.

चॅम्पचं नाव फेलिमोन. फिलिपिन्सचा. मस्कतच्याच बौशर भागातल्या एका जिममध्ये तो बॉक्सिंग शिकवायचा. म्हणजे वजन कमी करायला आलेल्या बायकांना आणि हौशी ओमानी पोरांना. कान चुरगळलेले, नाक बसकं, आवाज मात्र इतका मऊ की दोनदा विचारावं लागायचं. एके काळी त्याच्याकडे चॅम्पियनचा पट्टा होता. जपानमध्ये एका लढतीत खालचे पुढचे दोन दात गेले आणि पट्टाही गेला. ते दोन दात मी त्याला करून दिले होते, काढता-घालता येणारे. झोपताना तो ते काढून ठेवायचा.

त्याला झोपेत दात खायची खोड होती. बौशरच्या क्लिनिकमधल्या आमच्या डॉक्टर मॅडमनी त्याला झोपताना घालायचा गार्ड सांगितला. गार्ड म्हणजे वरच्या दातांवर बसणारं एक आवरण. प्लॅस्टिकची चकती तापवून मऊ करायची, वरच्या दातांच्या मॉडेलवर ओढून बसवायची, थंड झाली की कापून घासून द्यायची. मी कडक प्लॅस्टिकचा केला होता. चॅम्प तो घेऊन थेट लॅबमध्ये आला.

"कुया, प्लीज, सॉफ्टवाला. हार्ड आय डोन्ट लाइक." कुया म्हणजे त्यांच्यात दादा. "बॉक्सिंगवाला. माउथ को मालूम है."

मऊ करून दिला. दोन महिन्यांत तो चावून चिंध्या करून परत आणला. मी दुसरा करायला घेतला आणि सवयीने जुना उलटा करून बघितला. वरच्या गार्डच्या खालच्या बाजूला खालच्या दातांचे ठसे उठतात. ते बघितले की माणूस कुठे जास्त जोर देतो ते कळतं. मी बघितलं आणि परत बघितलं. ठसे पूर्ण होते. पुढचे दोन दात जिथे नाहीतच, तिथेही दातांचे खळगे होते. आणि डावीकडचा सुळा आडवा वळलेला. चॅम्पचा सुळा सरळ होता. त्याच्या खालच्या जबड्याचं मॉडेल माझ्या कपाटात होतं.

मला वाटलं, रूमवर दुसऱ्या कोणी तरी घातला असेल. बॅचलर रूममध्ये लोक एकमेकांच्या चपला घालतात, गार्डचं काय! पण आतली बाजू चॅम्पच्याच वरच्या दातांची. दुसऱ्याच्या तोंडात तो बसलाच नसता. तरी मी विचारलं.

"यू अँड हू, चॅम्प? कौन यूज करता है?"

"नोबडी, कुया. मैं अकेला रहता है."

मी पुढचं विचारलं नाही. मेलेल्याच्या कवळीपासून ते उंटाच्या दातापर्यंत सगळं हाताळलेला माणूस मी. चार खळग्यांना काय घाबरायचं? पण त्यानंतरचा गार्ड आला तसाच, आणि त्याच्या पुढचाही. तोच आडवा सुळा. मी ते फेकले नाहीत. एका डब्यात घालून डबा कपाटात मागे ढकलला.

एकदा तो दुपारीच आला. नवा गार्ड घासायचा बाकी होता, म्हणून मी त्याला खुर्चीवर बसवलं. जिम सकाळ-संध्याकाळ असल्याने तो दुपारी झोपायचा. गार्ड तोंडात घालून बघतो म्हणाला आणि बसल्या बसल्या डोळा लागला. मी मशीन बंद केली. मग कर्रकर्र आवाज यायला लागला. मी वळलो. त्याचा खालचा जबडा हळूहळू डावीकडे सरकत होता. गाल आत गेले, हनुवटी पुढे आली. चुरगळलेले कान तेच, पण चेहरा त्याचा राहिला नाही. कुणी तरी आतून तो चेहरा भरून काढत होतं. त्याची डावी मूठ गुडघ्यावरून उचलली आणि हनुवटीपाशी येऊन थांबली. मी टेबलावरची प्लास्टरची वाटी मुद्दाम खाली पाडली.

तो दचकून जागा झाला. मी त्याला सांगितलं, काय बघितलं ते. तो घाबरला नाही. हातांकडे बघत म्हणाला, "लेफ्ट हँड? देन दॅट इज नार्दो."

त्याने मोडक्यातोडक्या हिंदी-इंग्रजीत जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. एका बेटावरच्या लहान गावात हा आणि नार्दो शेजारी शेजारी वाढले. तिथे गावच्या जत्रेत बास्केटबॉलच्या कोर्टावर दोरी बांधून बॉक्सिंग होतं. जिंकणाऱ्याला तांदळाचं पोतं. या दोघांना शिकवणाऱ्या म्हाताऱ्याकडे गार्ड एकच होता. नार्दोची लढत आधी. ती संपली की म्हातारा तो गार्ड बादलीतल्या पाण्यात खळबळायचा आणि याच्या तोंडात द्यायचा. कितीतरी वर्षं दोघं त्या एका गार्डवर लढले. नार्दोच्या दातांच्या खळग्यांत याचे दात टेकायचे. "ही गोज फर्स्ट, आय गो सेकंड. सो आय अॅम नेव्हर अलोन," चॅम्प म्हणाला.

दोघं मोठे झाले, मनिलाला गेले, दोघांनी नाव काढलं. वजनही एकच. व्हायचं तेच झालं. पट्ट्यासाठी दोघांना समोरासमोर उभं केलं. नार्दो डावखुरा, पण उजवी बाजू उघडी टाकायची त्याला खोड. कानशिलावर एक ठोसा बसला आणि तो पडला. इस्पितळात नेला, पण तो शुद्धीवर आलाच नाही. त्याची बायको तेव्हा पोटुशी होती. अशा रीतीने चॅम्प चॅम्पियन झाला. तो पट्टा त्याने पुढे बऱ्याच वेळा राखला, पण घरात कधी टांगला नाही.

मी डॉक्टर मॅडमना गार्डचे ठसे दाखवले. त्या केरळच्या, फार शहाण्या बाई. त्यांनी भिंगातून बघितलं आणि म्हणाल्या, "सॉफ्ट मटेरियल आहे, डिस्टॉर्शन होतं." मी आडव्या सुळ्यावर बोट ठेवलं. त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि सोमवारच्या कॅप्सचं काय झालं ते विचारलं. माझी तक्रार नाही. त्यांच्या जागी मीही कॅप्सचंच विचारलं असतं.

मग जोनेल आला. नार्दोचं पोर. बापाला न बघितलेलं. बौशरच्या एका मॉलमध्ये कॉफीच्या काउंटरवर त्याला नोकरी लागली होती आणि गावात तोही बॉक्सिंग करत होता. मस्कतला आल्यावर पहिल्या सुट्टीला तो चॅम्पच्या जिममध्ये जाऊन उभा राहिला. शिवीगाळ नाही, काही नाही. इतकंच म्हणाला, "अंकल, मला तुमच्याबरोबर तीन राउंड हवेत. सगळ्यांसमोर." फिलिपिनो मंडळींचा क्रीडादिन जवळ आला होता, त्यात बॉक्सिंगच्या मैत्रीपूर्ण लढती असायच्या. चॅम्प नाही नाही म्हणत राहिला. पोरगं रोज येऊन दारात उभं राहायला लागलं. शेवटी चॅम्पने हो म्हटलं.

खेळणाऱ्या सगळ्यांना गार्ड हवेत म्हणून मॅडमनी वरच्या-खालच्या दातांची मापं घेतली आणि माझ्याकडे पाठवली. जोनेलचं माप मी त्याच दिवशी ओतलं. दुपारची वेळ. प्लास्टर सुकलं, मी खालच्या दातांचं मॉडेल बाहेर काढलं, फुंकर मारली, आणि हातातच धरून बसलो. खालचा डावा सुळा आडवा.

डबा काढला. चॅम्पचा एक जुना गार्ड घेतला आणि ठशांच्या बाजूने जोनेलच्या खालच्या दातांवर ठेवला. टक्क आवाज आला. गार्ड बसला. मागच्या एका दाढेशी किंचित डुगडुगला, बाकी एक दात इकडचा तिकडे नाही. हे ठसे उठले तेव्हा हे पोर समुद्रापलीकडे होतं. मला तिथे बसवेना. उन्हात बाहेर जाऊन उभा राहिलो. समोरच्या बंद वर्कशॉपच्या पत्र्याला हात लावला, चटका बसला, तेव्हा बरं वाटलं.

मुलाचे दात बापासारखे निघतात, यात नवल नाही. पण मग बाप इतकी वर्षं या माणसाच्या तोंडात काय करत होता? दात खात होता म्हणजे रागावलेला होता. आणि आता त्याचं पोर समोर उभं राहणार होतं. मला चॅम्पची काळजी वाटायला लागली. मी फोन करून त्याला बोलावलं आणि दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून दाखवल्या.

"चॅम्प, मत करो. खलास बोलो. बीमार है बोलो."

त्याने अंगठ्याने जोनेलच्या मॉडेलवरचा सुळा चाचपला. "कुया, हरायची मला भीती नाही. नार्दोला मला मारायचं असेल तर मारू दे. बट माय हँड," त्याने उजवा हात वर केला, "धिस हँड इज स्टुपिड. उजवी बाजू उघडी दिसली की हा जातोच. विचारत नाही. आणि मुलाची बाजू पण उघडीच आहे. सेम लाइक फादर."

म्हणजे भ्यायचं होतं ते पोरासाठी. "मग नाही म्हण ना!" मी ओरडलोच. तो म्हणाला, "पोराच्या बापाने मला कधी नाही म्हटलं नव्हतं."

शुक्रवारी दिवस कलायच्या आधी बौशरच्या एका हॉलमध्ये लढत झाली. बायका-मुलं, भाताचे डबे, गाण्यांचा गोंगाट, सगळं जत्रेसारखं. चॅम्पने मला त्याच्या कोपऱ्यात स्टुलापाशी उभं केलं होतं आणि खालचे दोन खोटे दात काढून माझ्याकडे दिले होते. आयुष्यात मी बॉक्सिंग बघितलं नव्हतं. पहिल्या राउंडला चॅम्प नुसता अंग चोरून मार खात होता. उजवा हात त्याने छातीशी इतका घट्ट धरला होता की जणू तो हात पळून जाईल. जोनेल मात्र मनापासून मारत होता. आणि मलाही दिसत होतं, मारताना दरवेळी त्याची उजवी बाजू उघडी पडते.

दुसऱ्या राउंडला जोनेलचा एक ठोसा चॅम्पच्या कानशिलावर बसला. चॅम्पचं डोकं खाली गेलं. लोक उभे राहिले. डोकं वर आलं तेव्हा त्याचा जबडा डावीकडे सरकला होता. हनुवटी पुढे. पाय आपोआप डावखुऱ्यासारखे बदलले, उजवा पुढे, डावा मागे. त्या दुपारी खुर्चीवर बघितलेला चेहरा मी भर गर्दीत परत बघत होतो.

जोनेल जागच्या जागी थिजला. बाप त्याने एकाच ठिकाणी बघितला होता, त्या शेवटच्या लढतीच्या व्हिडिओत. ती लढत त्याला पाठ होती. समोरच्या माणसाने व्हिडिओतल्या बापासारखाच उजवा खांदा दोनदा खाली सोडला, आणि डावा हात सापासारखा सुटला. मी डोळे मिटले. आवाज आला नाही. उघडले तर मूठ जोनेलच्या कानशिलाजवळ थांबलेली, केसांना लागेल न लागेल अशी. ती मागे गेली. परत आली, त्याच जागी, आणि परत थांबली. परत. लोकांना वाटलं चॅम्प थट्टा करतोय. ते शिट्ट्या मारायला लागले. हात येत राहिला, त्याच एका जागेपाशी. शेवटी जोनेलने उजवी मूठ उचलली आणि कानशील झाकलं. तेव्हा तो हात त्याच्या मुठीवर हलकेच टेकला आणि खाली गेला.

घंटा झाली. चॅम्प स्टुलावर येऊन बसला, गार्ड माझ्या तळहातावर थुंकला आणि म्हणाला, "कुया, राउंड वन फिनिश?" मी गार्ड बघितला. पूर्ण ठसे, आडवा सुळा, आरपार गेलेले. तिसऱ्या राउंडला जोनेल आलाच नाही. तो ग्लोव्ह काढून चॅम्पच्या कोपऱ्यात आला, त्याचा हात उचलला आणि आपल्या कपाळाला लावला. आपण पाया पडतो तसं त्यांच्यात करतात. चॅम्पला काय झालं ते ठाऊक नव्हतं. तो नुसता त्या पोराच्या ओल्या डोक्याकडे बघत होता.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर चॅम्पचे गार्ड टिकायला लागले. तीन महिन्यांनी एक आणला तर जेमतेम झिजलेला. ठसे हलके, पुढे दोन दातांची मोकळी जागा, सुळा सरळ. मी आनंदाने म्हटलं, "चॅम्प, अल्हमदुलिल्ला! साफ!" त्याने गार्ड माझ्या हातातून परत घेतला. पुढच्या वेळी त्याने स्वतःच गार्ड उलटा केला, मोकळ्या जागेवर अंगठा फिरवला आणि म्हणाला, "ओन्ली मी, कुया." मग तो दर थोड्या दिवसांनी नवा गार्ड मागायला यायला लागला. जुना खराब झालेला नसायचाच. मला कळत होतं तो काय शोधतोय, आणि वाईट वाटत होतं. इतकी वर्षं ज्याला मी संकट समजत होतो, ती त्याची सोबत होती.

यंदा त्याचा व्हिसा संपला. परत गावी जाऊन समुद्राजवळ राहणार होता, नार्दोच्या गावी, म्हणजे त्याच्याही. निघायच्या दिवशी दुपारी आला. टॅक्सी बाहेर उभी होती. "लास्ट वन, कुया." त्याला खुर्चीवर बसवून मी आत मशीनपाशी गेलो. चकती तापवली, वरच्या दातांच्या मॉडेलवर ओढली. ती अजून मऊ होती आणि जोनेलचं मॉडेल हाताशी होतं. मी फार विचार केला नाही. जोनेलचे दात त्या मऊ गार्डवर टेकवले आणि दाबले. थंड पाणी ओतलं, कडा घासल्या आणि बाहेर नेऊन त्याच्या हातात ठेवला.

त्याने गार्ड उलटा केला. अंगठा फिरवला. आडव्या सुळ्यापाशी अंगठा थांबला आणि त्याचा चेहरा असा उजळला की मी दुसरीकडे बघितलं. मग अंगठा मागच्या दाढेपर्यंत गेला, पुन्हा पुढे आला, पुन्हा मागे.

"नॉट नार्दो," तो म्हणाला. "नार्दो बहुत जोर से काटता था. ऑलवेज अफ्रेड. धिस इज जोनेल."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं, तर त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"जोनेल नो अफ्रेड," तो म्हणाला. "गुड, कुया. व्हेरी गुड."

त्याने गार्ड तोंडात घातला, पण तोंड मिटलं नाही. त्या पोराच्या दातांच्या खुणांवर आपले दात टेकू नयेत म्हणून जबडा तसाच उघडा धरून तो भर उन्हातून टॅक्सीपर्यंत चालत गेला.